चढावर इंजिन ओरडतं तेव्हा

अमेरिकेत डेन्व्हर सोडून आय-७० महामार्गाने पश्चिमेला निघालं की १,६०० मीटर उंचीवरच्या शहरातून रस्ता रॉकी पर्वतात चढत जातो आणि आयझेनहॉवर बोगद्यापाशी ३,४०० मीटर गाठतो. शेवटच्या टप्प्यात सहा-सात टक्क्यांचे लांबच लांब चढ आहेत. तीस-चाळीस वर्षं जुनी, ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची मोटरहोम घेऊन या रस्त्याला लागणाऱ्याच्या वाट्याला एक प्रसंग हमखास येतो. ताशी ९५ किलोमीटरचा वेग ८० वर येतो, मग ७० वर. ॲक्सिलरेटर आणखी दाबला की गिअरबॉक्स खालचा गिअर टाकतो आणि इंजिन एकदम मोठ्याने ओरडू लागतं. अशा बहुतेक गाड्यांत इंजिन चालक आणि शेजारची सीट यांच्या मधोमध, एका झाकणाखाली असतं, त्यामुळे तो आवाज थेट अंगावर येतो. काहीतरी तुटेल या भीतीने चालक पाय उचलतो. गिअरबॉक्स पुन्हा वरचा गिअर टाकतो, आवाज उतरतो, जिवाला बरं वाटतं, आणि वेग आणखी पडतो. माझं म्हणणं असं की इथे पाय उचलणं चुकीचं आहे. चढावर इंजिनाला सोसवत नाही ते कमी फेऱ्यांवर जोर लावणं, आणि गिअरबॉक्सला सोसवत नाही ती उष्णता. आवाज या दोन्हींपैकी कशाचंच माप नाही.

हे पटण्यासाठी आधी इंजिनाचे जास्त फेरे म्हणजे नक्की किती, ते मोजलं पाहिजे. अमेरिकेतल्या जुन्या मोटरहोमपैकी असंख्य गाड्या फोर्डच्या ई-३५० चॅसीवर बांधलेल्या आहेत. त्यांत ७.५ लिटरचं आठ सिलिंडरचं पेट्रोल इंजिन असतं. ते घन इंचांच्या मापावरून ४६० या नावाने ओळखलं जातं. त्यामागे आधी सी-६ हा तीन गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असे. १९८९ पासून फोर्डने ई४ओडी हा चार गिअरचा, इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचा गिअरबॉक्स आणला. मागच्या एक्सलचा रेशो पुष्कळदा ४.१० असतो, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यामागे प्रॉपेलर शाफ्ट ४.१० फेरे घेतो. २२५/७५ आर१६ मापाचा टायर एका फेऱ्यात साधारण २.२७ मीटर जातो. आता ताशी ९७ किलोमीटर, म्हणजे ६० मैल, हा वेग धरा. चाक मिनिटाला सुमारे ७१२ फेरे घेतं आणि त्याला ४.१० ने गुणलं की २,९२० होतात. सी-६ चा तिसरा गिअर सरळ एकास एक आहे, त्यामुळे इंजिनाचे फेरेही तेवढेच. इंजिन आणि गिअरबॉक्स यांना तेलाच्या जोरावर जोडणाऱ्या टॉर्क कन्व्हर्टरमधली थोडी घसर धरली तर ३,००० च्या जरा वर. ई४ओडीच्या चौथ्या गिअरचा, म्हणजे ओव्हरड्राइव्हचा, रेशो ०.७१ आहे आणि त्यात कन्व्हर्टर लॉकही होतो. म्हणून त्याच वेगाला फेरे २,०७० च्या आसपास राहतात. सपाट रस्त्यावर ६० मैलांना ३,००० फेरे दिसले म्हणून गिअरबॉक्स बिघडला असं ठरवणाऱ्या नव्या मालकाकडे बहुधा तीनच गिअर असतात, आणि तो चौथ्याची वाट पाहत असतो. या गाड्या कोणत्या काळात घडल्या तेही लक्षात घ्यायला हवं. तेलटंचाईनंतर, जानेवारी १९७४ मध्ये, अध्यक्ष निक्सन यांनी देशभर ताशी ५५ मैलांची वेगमर्यादा आणणाऱ्या कायद्यावर सही केली. ती १९८७ मध्ये ग्रामीण महामार्गांवर सैल झाली आणि १९९५ मध्ये रद्द झाली. ५५ मैलांना हीच सी-६ वाली गाडी २,८०० च्या आत चालते. तिचे रेशो त्या वेगाला साजेसे होते. आज तिला ७० मैलांनी पळवलं तर ३,५०० फेरे होतात, आणि त्याचं खापर गिअरबॉक्सवर फोडण्यात अर्थ नाही.

गिअर तीन की चार यापेक्षा गिअरबॉक्स आणि एक्सल यांचा गुणाकार किती होतो, याला जास्त महत्त्व आहे. १९७३ ते १९७८ या काळात निघालेली जीएमसीची मोटरहोम याचं चांगलं उदाहरण आहे. पुढच्या चाकांवर चालणारी, ठेंगणी आणि त्या काळी वेगळीच दिसणारी ही गाडी. तिच्यातही तीनच गिअर, ओव्हरड्राइव्ह नाही. पण शेवटचा रेशो ३.०७ असल्यामुळे ६० मैलांना तिचं इंजिन जेमतेम २,२०० फेऱ्यांवर शांतपणे चालतं. सपाट रस्त्यावर हे सुख आहे. चढावर मात्र त्याची किंमत मोजावी लागते. तिचा दुसरा गिअर १.४८ चा आहे. त्याला ३.०७ ने गुणलं तर ४.५४ येतात. फोर्डचा तिसरा गिअर ४.१० वर बसतो. म्हणजे जीएमसी दुसऱ्यात उतरली तरी फोर्डच्या तिसऱ्यापेक्षा थोडीशीच खाली आलेली असते. म्हणूनच डोंगराळ भागात राहणारे तिचे मालक अनेकदा मोठा रेशो बसवून घेतात आणि सपाटीवरचा थोडा आवाज खुशीने पत्करतात.

आता चढाचा हिशोब. पाच टनांची मोटरहोम सहा टक्क्यांच्या चढावर ताशी ८० किलोमीटरने नेण्यासाठी नुसतं वजन वर उचलायलाच सुमारे ६५ किलोवॅट, म्हणजे जवळपास ८८ अश्वशक्ती लागते. मोटरहोमचा दर्शनी भाग उंच, चौकोनी. त्यामुळे हवेचा अडथळा आणि टायरचं घर्षण यांसाठी ढोबळमानाने आणखी पन्नासेक धरावी लागते. गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलमधली घट जमेस धरली की इंजिनाकडून १६० अश्वशक्तीच्या आसपास मागणी होते. १९९० च्या दशकातल्या फ्युएल इंजेक्शनवाल्या ४६० ची कमाल ताकद सुमारे २४५ अश्वशक्ती, तीही ४,००० फेऱ्यांना. त्याचा जास्तीत जास्त टॉर्क ५४० न्यूटन-मीटरच्या आसपास, २,२०० फेऱ्यांना. ताकद म्हणजे टॉर्क गुणिले फेरे. ताशी ८० ला ओव्हरड्राइव्हमध्ये फेरे १,७०० च होतात. तिथे पूर्ण टॉर्क मिळाला असं मानलं तरी १३० अश्वशक्तीच हाती येते. म्हणजे ॲक्सिलरेटर तळाला टेकवला तरी वेग पडणारच. तिसऱ्यात २,४०० फेऱ्यांना १८० मिळू शकते. काम भागतं, पण थ्रॉटल जवळपास पूर्ण उघडावा लागतो. दुसऱ्यात ३,७०० फेऱ्यांना २४० च्या आसपास उपलब्ध असते आणि त्यातली दोनतृतीयांशच वापरावी लागते. हे सगळं समुद्रसपाटीचं गणित झालं. टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटांमागे सुमारे तीन टक्के ताकद गमावतं. बोगद्याच्या उंचीवर त्याची जवळपास एक तृतीयांश ताकद गेलेली असते, कारण तिथे हवाच विरळ. तिसऱ्या गिअरचे १८० मग सव्वाशेच्या खाली येतात आणि गाडी ८० चा वेग धरूच शकत नाही. दुसरा गिअर मात्र १६० च्या आसपास देत राहतो. ज्या फेऱ्यांचा आवाज ऐकून चालक घाबरतो, चढ चढवण्याइतकी ताकद त्याच फेऱ्यांवर मिळते.

गिअरची सायकल चालवणाऱ्याला हे पायांतून कळतं: चढावर जड गिअरमध्ये पेडल दाबत बसलं की गुडघे भरून येतात, हलक्या गिअरमध्ये पाय भराभर फिरवले की तोच चढ निभतो. इंजिनाचे गुडघे म्हणजे त्याची बेअरिंगं आणि पिस्टन. कमी फेऱ्यांवर थ्रॉटल पूर्ण उघडा असला की प्रत्येक स्फोटाचा दाब सर्वांत जास्त असतो. तो दाब क्रँकशाफ्ट आणि बेअरिंग यांमधल्या तेलाच्या पातळ थरावर येतो. हा थर शाफ्ट फिरण्याने तयार होतो, फेरे कमी तसा तोही पातळ. शिवाय मिश्रण सिलिंडरमध्ये जास्त वेळ दाबाखाली राहिलं की ठिणगीने पेटलेली ज्वाळा पोचण्याआधीच उरलेलं मिश्रण एकदम पेट घेतं. आपले मेकॅनिक ज्याला नॉकिंग म्हणतात ते हेच, आणि पिस्टनचं खरं नुकसान ते करतं. पाण्याचा पंप, पंखा, ऑइल पंप हे सगळे इंजिनाच्या फेऱ्यांवरच चालतात, म्हणून गाडी घाटात हळू ओढत नेताना ज्या वेळी सर्वांत जास्त थंडावा हवा त्याच वेळी तो सर्वांत कमी मिळतो. दुसऱ्यात ३,५०० फेऱ्यांवर थ्रॉटल अर्धा-पाऊण उघडा ठेवून चढणाऱ्या गाडीचं तापमान पुष्कळदा तिसऱ्यात कण्हत चढणाऱ्या गाडीपेक्षा खाली राहतं, त्याचं हे कारण.

यावर पहिला आक्षेप झिजेचा येतो. जास्त फेरे म्हणजे जास्त घासणं, मग इंजिनाचं आयुष्य कमी होणार नाही का? आक्षेप पोकळ नाही. तीच वाट जास्त फेऱ्यांत कापली तर पिस्टन जास्त अंतर चालतो हे खरंच आहे. पण किती, ते बघायला हवं. ४६० इंजिनाचा स्ट्रोक सुमारे ९८ मिलिमीटर आहे. ३,७०० फेऱ्यांना पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला १२ मीटर येतो. आजच्या साध्या पेट्रोल कारचं इंजिन पूर्ण फेऱ्यांवर नेलं तर हा आकडा १८ ते २० पर्यंत जातो. म्हणजे कानाला जी किंकाळी वाटते ती धातूच्या दृष्टीने मध्यम चाल आहे. आणि डोंगराचा चढ अर्ध्या-पाऊण तासाचा असतो, गाडीच्या आयुष्यातला हा वाटा लहानच. मर्यादा आहे, ती मात्र पाळायची. या इंजिनाची ताकद ४,००० नंतर उतरू लागते, त्यामुळे त्याच्या पुढे नेऊन मिळत काहीच नाही. चढावर ३,००० ते ४,००० हा या इंजिनाचा कामाचा पट्टा समजावा. दुसऱ्यातही फेरे ४,००० च्या पुढे जायला लागले तर वेग कमी करावा, गिअर बदलू नये.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: गिअरबॉक्स ऑटोमॅटिक आहे, तो बनवणाऱ्यांनी विचार करूनच बनवला असणार, मग चालकाने मध्ये का पडावं? याचं उत्तर द्यायचं तर त्या गिअरबॉक्सला काय काय कळतं ते पाहायला हवं. सी-६ किंवा जनरल मोटर्सचा टर्बो हायड्रामॅटिक ४०० घ्या. दोन्ही गिअरबॉक्स मजबूत. टर्बो ४०० तर रोल्स-रॉइसनेही आपल्या गाड्यांत वापरला. पण त्यांना कळतात फक्त दोनच गोष्टी. मागच्या शाफ्टवर गव्हर्नर नावाचा भाग फिरतो. त्याची वजनं वेगाबरोबर बाहेर फेकली जातात आणि तेवढा तेलाचा दाब वाढतो, म्हणून तो गाडीचा वेग सांगतो. दुसरी गोष्ट, म्हणजे भार, सांगते ती व्हॅक्यूम मॉड्युलेटर नावाची डबी. इंजिनाच्या मॅनिफोल्डपासून एक बारीक नळी तिच्यापर्यंत येते. थ्रॉटल बंद असला की मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम भरपूर असतो, इंजिन नुसतं चालू असताना पाऱ्याच्या १८ ते २० इंचांपर्यंत. थ्रॉटल उघडत जाईल तसा तो कमी होत शून्याकडे येतो. त्यावरून गिअरबॉक्स भार ओळखतो. वेगाचा दाब जिंकला की वरचा गिअर पडतो, भाराचा दाब जिंकला की तो लांबतो किंवा खालचा गिअर येतो. एवढाच सगळा कारभार. पुढे चढ आहे की उतार, तो दोनशे मीटरचा आहे की दहा किलोमीटरचा, मागे गाडीला कार बांधली आहे का, यातलं काहीच त्याला दिसत नाही. उंचीवर तर त्याची अडचण आणखी वाढते. दर हजार फुटांमागे व्हॅक्यूम साधारण एक इंचाने कमी होतो. बोगद्यापाशी पोचेपर्यंत तो निम्म्यावर आलेला असतो आणि हलक्या पायालाही गिअरबॉक्सला मोठा भार असल्यासारखा भासतो, म्हणून गिअर उशिरा आणि जोरात बदलतात. हे ठाऊक असल्यामुळेच काही मॉड्युलेटरमध्ये हवेच्या दाबाप्रमाणे आकुंचन-प्रसरण पावणारी बंद डबी बसवलेली असे. ई४ओडीला संगणक मिळाला, सेन्सर मिळाले, पण त्यालाही पुढचा रस्ता दिसत नाही. चढावर खालचा गिअर धरून ठेवणारं टो-हॉल बटण पुढच्या पिढ्यांत आलं. बनवणाऱ्यांनीच ते बटण दिलं, आणि त्याआधी दांड्यावर २ आणि १ हे आकडे ठेवले, ओव्हरड्राइव्ह बंद करण्याचं बटण ठेवलं, ते चालकाने मध्ये पडावं म्हणूनच.

मध्ये पडलं नाही तर काय होतं ते चार गिअरच्या गाडीत फार स्पष्ट दिसतं. तिसरा आणि ओव्हरड्राइव्ह यांत मोठं अंतर आहे. वर जाताना फेरे एकदम २,९०० वरून २,१०० च्या खाली पडतात. मध्यम चढावर ओव्हरड्राइव्हमध्ये ताकद पुरत नाही, वेग पडतो, चालक दाबतो, तिसरा येतो. वेग सावरतो, चालक पाय हलका करतो, पुन्हा ओव्हरड्राइव्ह. दर अर्ध्या मिनिटाला हा खेळ चालू राहतो. शिवाय कन्व्हर्टरचं लॉक होणं आणि सुटणं हा आणखी एक झटका असतो. फेरे तीनचारशेने खालीवर होतात आणि अनेकांना तो पाचवा गिअरच वाटतो. प्रत्येक बदलात क्लच प्लेटा क्षणभर घसरून पकडतात, आणि प्रत्येक घसरण उष्णता बनून तेलात जाते. लॉक सुटलेला कन्व्हर्टर तर सतत उष्णता देतो. त्यात एक पंखा दुसऱ्या पंख्यावर तेल फेकतो आणि त्या तेलाच्या जोरावर गाडी चालते. दोन पंख्यांच्या वेगात जेवढा फरक तेवढी ताकद तेलात जिरते. १०० किलोवॅट जात असताना पाच टक्के घसर असेल तर ५ किलोवॅट उष्णता, पंधरा टक्के असेल तर १५ किलोवॅट. घसर कधी वाढते? कन्व्हर्टरवर टॉर्क जास्त आणि फेरे कमी असतात तेव्हा, म्हणजे नेमकं वरच्या गिअरमध्ये दाबून चढताना. खालच्या गिअरमध्ये उरलेला टॉर्क कन्व्हर्टरच्या पुढचे दाते वाढवून देतात, कन्व्हर्टरवर भार कमी येतो, तो वेगाने फिरतो आणि घसर आटते. ट्रान्समिशन ऑइल ८० अंश सेल्सियसच्या आसपास निवांत असतं. त्यापुढे दर दहा-अकरा अंशांना त्याचं आयुष्य निम्मं होतं असा अमेरिकेतल्या कारागिरांचा ठोकताळा आहे. आकडा तंतोतंत धरायचं कारण नाही, पण तापलेलं तेल काळं पडतं, जळका वास येतो, रबरी सीलं कडक होऊन फुटतात आणि दाब गळू लागला की प्लेटा जळतात, हा क्रम ठरलेला आहे. जुन्या मोटरहोमला वेगळा ऑइल कूलर आणि गिअरबॉक्सच्या तापमानाचा काटा बसवणं हा मला तिच्यावरचा सर्वांत सार्थ खर्च वाटतो. काटा नसेल तर चालकाला या सगळ्याचा पत्ताच लागत नाही, कारण गिअरबॉक्स जळत असताना ओरडत नाही.

अर्थात, फेरे वाढणं हे कधीकधी बिघाडाचंही लक्षण असतं, आणि ते ओळखता येतं. या गाड्यांच्या डॅशबोर्डवर टॅकोमीटर पुष्कळदा नसतो, पण तो जोडून घेणं सोपं आहे. मग वर केलेला गुणाकार हीच तपासणी होते. एक्सलचा रेशो दरवाज्याच्या चौकटीवरच्या स्टिकरवर सांकेतिक आकड्यात मिळतो. ४.१० चा रेशो, वर सांगितलेला टायर, सी-६ गिअरबॉक्स आणि सपाट रस्त्यावर स्थिर ताशी ९० वेग असेल तर काटा २,७०० ते २,८५० दाखवेल. तो ३,९०० च्या पुढे असेल तर गाडी अजून दुसऱ्यातच आहे. ३,३०० असेल तर कुठलाच गिअर या आकड्याशी जुळत नाही, म्हणजे आत काहीतरी घसरतंय. गिअर बदलताना दोन गिअरच्या मध्येच फेरे वर उसळत असतील, तरी तेच. आणि सगळेच गिअर उशिरा, धक्का देऊन पडत असतील तर गिअरबॉक्स उघडण्याआधी मॉड्युलेटरची नळी पाहावी. ती बहुतेक लांबी लोखंडाची असते, टोकाला बोटभर रबर असतं. त्या रबराला वर्षानुवर्षं एक्झॉस्टची धग लागते आणि ते चिरतं. चिरलं की व्हॅक्यूम पोचत नाही आणि गिअरबॉक्सला वाटतं पाय तळाला टेकला आहे. नळी काढून तिच्या टोकात लालसर तेल सापडलं तर मॉड्युलेटरचा पडदा फाटला आहे. इंजिन तिथून गिअरबॉक्सचं तेल ओढून जाळतंय. खाली कुठेही गळती नसताना तेल कमी होत असेल आणि मागून पांढरा धूर येत असेल तर कारण हेच. बोटभर रबरासाठी किंवा छोट्या डबीसाठी अख्खा गिअरबॉक्स उतरवणं टळतं. तेलाची पातळी पाहतानाही एक बारकावा आहे: फोर्ड आणि जनरल मोटर्सच्या या गिअरबॉक्सचं तेल गरम असताना, इंजिन चालू ठेवून, दांडा पार्कमध्ये ठेवून पाहायचं. क्रायस्लरच्या टॉर्कफ्लाइटचं मात्र न्यूट्रलमध्ये, कारण पार्कमध्ये पातळी चुकीची दिसते.

तिसरा आक्षेप पेट्रोलचा. कमी फेरे म्हणजे कमी पेट्रोल हे सपाट रस्त्यावर निर्विवाद खरं आहे, आणि तिथे मी ओव्हरड्राइव्हच्या बाजूने आहे. हलक्या भाराला अर्धवट मिटलेल्या थ्रॉटलमधून हवा ओढण्यातच इंजिनाची बरीच ताकद जाते, फेरे कमी केले की ती वाचते. चढावर परिस्थिती उलटते. पाच टन वजन वर उचलण्याचं काम गिअर कोणताही असला तरी तेवढंच असतं. आणि कार्ब्युरेटरच्या गाड्यांत पॉवर व्हॉल्व्ह नावाची एक व्यवस्था असते. व्हॅक्यूम सहा-साडेसहा इंचांच्या खाली गेला की तो उघडतो आणि मिश्रणात जादा पेट्रोल सोडतो, कारण पूर्ण भाराला दाट मिश्रणाने पिस्टन थंड राहतात. वरच्या गिअरमध्ये तळाला पाय टेकवून चढणारी गाडी सगळा वेळ हा व्हॉल्व्ह उघडा ठेवते. खालचा गिअर टाकून थ्रॉटल थोडा मिटवला की व्हॅक्यूम वर येतो आणि तो बंद होऊ शकतो. म्हणून डॅशबोर्डवर एक साधा व्हॅक्यूम गेज लावावा, तो या वादाचा निकाल जागेवरच देतो. चढावर काटा शून्याजवळ पडून असेल आणि आणखी दाबूनही वेग वाढत नसेल, तर पाय करू शकतो ते सगळं करून झालं आहे. उरलेलं काम गिअरचं आहे.

चढ संपला की उतार लागतो, आणि तिथे हाच विचार उलट्या बाजूने लागू होतो. बोगद्यातून बाहेर पडून सिल्व्हरथॉर्नपर्यंत महामार्ग सुमारे ७०० मीटर खाली उतरतो. ब्रेक निकामी झालेल्या ट्रकसाठी त्या उतारावर मुद्दाम काढलेल्या खडीच्या वाटा आहेत. पाच टनांच्या गाडीची ३४ मेगाज्यूल ऊर्जा तेवढ्या अंतरात कुठेतरी जिरवावी लागते. थोडी हवेत जाते, थोडी टायरमध्ये, उरलेली इंजिनात किंवा ब्रेकमध्ये. थ्रॉटल मिटलेलं साडेसात लिटरचं इंजिन ३,५०० फेऱ्यांवर जबरदस्तीने फिरवलं जातं तेव्हा ते मोठा अडथळा असतं, आणि त्या वेळी त्यात स्फोटांचा भार जवळजवळ नसतो, त्यामुळे तो आवाज चढावरच्यापेक्षाही निरुपद्रवी. ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरायचं, हा कसारा आणि बोर घाटात ट्रक चालवणाऱ्यांचा जुना नियम ऑटोमॅटिकलाही तंतोतंत लागू पडतो. आपल्याकडे ऑटोमॅटिक कार घेऊन पहिल्यांदा घाट उतरणाऱ्यांनाही तो सांगायला हवा. फक्त गिअर आधी टाकावा लागतो. वेग हाताबाहेर गेल्यावर दांडा १ वर ओढला तरी गिअरबॉक्स वेग पुरेसा उतरेपर्यंत पहिला गिअर टाकतच नाही, आणि दुसरा त्या वेगाला टाकला तर फेरे एकदम ४,००० च्या पुढे उसळतात. म्हणून माथ्यावरच वेग ६५-७० वर आणून दांडा २ वर घ्यावा. तरीही फेरे ४,००० कडे सरकू लागले तर ब्रेक एकदा ठामपणे दाबून वेग दहाएक किलोमीटरने खाली आणावा आणि पाय पूर्ण काढून घ्यावा, म्हणजे ब्रेकना थंड व्हायला वेळ मिळतो.